चीनमध्ये राहताना कमी पैशांत ॲडव्हेंचर बाइक: आधी शहर, मग कागद, शेवटी सीसी

चीनमध्ये मोटरसायकली ढिगाने बनतात, पण शहरात त्या चालवू देताना सरकारचा हात आखडता असतो. हांगझूची सीएफमोटो, चोंगछिंगच्या लोन्सिन आणि झोंगशेन, वनलिंगची छियानज्यांग (इटलीची बेनेली २००५ पासून हिच्याच मालकीची आहे) अशा कंपन्यांमुळे दुकानात पर्याय भरपूर आणि किमती आटोक्यात असतात. तरीही बाहेरून आलेली माणसं गाडी घेऊन फसतात. गाडी वाईट निघते असं क्वचितच होतं. नंबर मिळत नाही, परवान्यावर योग्य वर्ग नसतो, किंवा घरापासून शहराच्या वेशीपर्यंत गाडी कायदेशीर चालवताच येत नाही, असं मात्र वारंवार होतं.

नोकरीसाठी, वैद्यकीय शिक्षणासाठी किंवा व्यापारासाठी तिथे राहणाऱ्या आणि सिच्वान, युन्नान, छिंगहायच्या डोंगरांत स्वतःच्या दुचाकीवर जाऊ पाहणाऱ्यांसाठी हा हिशोब आहे. बजेट २० ते ४५ हजार युआन धरलं आहे, तेही सगळं मिळून. एक युआन म्हणजे साधारण १२-१३ रुपये.

शहर काय म्हणतं ते आधी विचारा

'जिनमो' म्हणजे दुचाकीबंदी. हा शब्द पहिल्याच दिवशी पाठ करून ठेवा. ग्वांगझूने १ जानेवारी २००७ पासून शहरभागात मोटरसायकली बंद केल्या. शेनझेनमधली बंदीही जुनीच. बीजिंगमध्ये दोन प्रकारच्या नंबरप्लेट आहेत. 'जिंग-बी' प्लेटच्या गाडीला चौथ्या रिंगरोडच्या आत प्रवेश नाही. 'जिंग-ए' प्लेट नव्याने मिळत नाही, ती जुन्या गाडीसोबतच विकत घ्यावी लागते आणि तिची किंमत आपल्या बजेटच्या कितीतरी पट असते. शांघायमध्येही तोच प्रकार: 'हू-ए' सोन्याच्या भावात, आणि स्वस्तातली 'हू-सी' बाहेरच्या रिंगरोडच्या आत चालत नाही. उलट शीआनने २०१७ मध्ये बंदी सैल केली आणि तिथला दुचाकी बाजार एकदम फुलला.

नव्याने आलेल्यांचा एक गोंधळ इथेच होतो. रस्त्यावर दुचाक्यांचा पूर दिसतो, म्हणजे बंदी नसावी असं वाटतं. त्यातल्या जवळपास सगळ्या विजेवर चालणाऱ्या सायकली असतात. त्यांचे नियम वेगळे, प्लेट वेगळी आणि सायकलींच्या मार्गिकेतून जायची मुभाही वेगळी. पेट्रोलच्या मोटरसायकलीला ते काहीच लागू नाही.

म्हणून दुकानात पाऊल टाकण्याआधी तीन गोष्टींची उत्तरं मिळवा. तुमच्या राहत्या पत्त्यावर मोटरसायकलीची नोंदणी होते का? गाडी जिथे उभी करणार तिथून बंदीच्या हद्दीबाहेर जायला मोकळा रस्ता आहे का? आणि सोसायटीचा रखवालदार पेट्रोलची गाडी तळघरात लावू देतो का? तिसरा प्रश्न क्षुल्लक वाटतो, पण बऱ्याच इमारतींमध्ये गाडी अडते ती इथेच. बंदी असलेल्या शहरात राहत असाल तर गाडी हद्दीबाहेरच्या गॅरेजमध्ये महिन्याच्या भाड्याने ठेवण्याची सोय आहे का ते पाहा. ते भाडं बजेटात धरा.

परवाना

महाराष्ट्रातल्या आरटीओने दिलेला आंतरराष्ट्रीय परवाना मुख्य भूमीवरच्या चीनमध्ये चालत नाही. तिथलाच परवाना लागतो. मोटरसायकलीसाठी तीन वर्ग आहेत: एफ म्हणजे ५० सीसीपर्यंतची हलकी दुचाकी, ई म्हणजे नेहमीची दुचाकी, आणि डी म्हणजे तीनचाकी मोटरसायकल. डी असेल तर ई आणि एफ त्यात आलेच.

भारतीय परवाना बदलून घेताना आपल्या कार्डावर गिअरच्या मोटरसायकलीचा 'एमसीडब्ल्यूजी' वर्ग छापलेला आहे का ते बघा. नुसता 'एलएमव्ही' असेल तर हाती मोटारीचाच परवाना पडेल. कागद असे लागतात: पासपोर्ट, निवासी परवाना, पोलीस चौकीतली निवास-नोंदीची चिठ्ठी, भारतीय परवाना आणि त्याचं मान्यताप्राप्त अनुवादकाने केलेलं चिनी भाषांतर, फोटो, आणि डोळे-कान-रंगओळख तपासलेला वैद्यकीय दाखला. मग संगणकावर लेखी परीक्षा. शंभरपैकी ९० मिळाले तर पास. प्रश्न सोपे वाटतात, पण दंडाचे गुण, पोलिसांचे हातवारे आणि चिन्हांमधले बारीक फरक यांत लोक गडगडतात. मोबाइल ॲपवर सराव-प्रश्न इंग्रजीतही मिळतात.

मोटरसायकलीचा वर्ग बदलून देताना प्रत्येक शहराचं वाहन कार्यालय सारखं वागत नाही. काही ठिकाणी सहज होतं, काही ठिकाणी 'ई साठी परीक्षाच द्या' म्हणून सांगतात. परीक्षा द्यावी लागली तर घाबरू नका. मैदानावर खांबांमधून नागमोडी जाणं, चढावर नेमक्या रेषेत थांबून पुन्हा निघणं आणि अरुंद पट्टीवरून तोल सांभाळत जाणं, एवढंच असतं. पुण्यात कुणी चार वर्षं गाडी चालवली असेल तर दोन दिवसांच्या सरावाचं काम.

विनापरवाना पकडलं गेल्यास २०० ते २,००० युआन दंड आणि १५ दिवसांपर्यंत कोठडी होऊ शकते. परदेशी माणसाला दंडापेक्षा कोठडीची नोंद जास्त महाग पडते, कारण पुढे निवासी परवान्याच्या नूतनीकरणात ती आडवी येऊ शकते.

किमतीवर आणखी किती

दुकानातल्या पाटीवरची किंमत म्हणजे अर्धंच गणित. १५० सीसीच्या वरच्या गाडीवर १० टक्के खरेदीकर लागतो. तो मूल्यवर्धित कर वजा करून मोजतात, म्हणून बिलाच्या रकमेला १.१३ ने भागा आणि त्याचे दहा टक्के काढा. ३३,००० युआनच्या गाडीवर हा कर २,९२० होतो, २६,०००च्या गाडीवर २,३००. सक्तीचा विमा २५० सीसीपर्यंत वर्षाला १२० युआन आणि त्यावर ४०० युआन. चिनी बाजारात २४९ सीसीच्या गाड्यांची जी गर्दी दिसते, तिचं एक कारण अशा रेषांत आहे.

सक्तीच्या विम्याचं संरक्षण किती, हेही माहीत हवं. समोरच्याच्या मृत्यू किंवा अपंगत्वासाठी १,८०,००० युआन, औषधोपचारासाठी १८,००० आणि मालमत्तेच्या नुकसानीसाठी फक्त २,०००. दोन हजारांत चांगल्या मोटारीचा पुढचा दिवाही येत नाही. त्यावरचा ऐच्छिक थर्ड पार्टी विमा मोटरसायकलीला द्यायला अनेक कंपन्या टाळाटाळ करतात, म्हणून तीन-चार ठिकाणी विचारा. स्वतःसाठी अपघात विमा वेगळा घ्या आणि त्यात मोटरसायकल चालवताना झालेला अपघात धरला आहे हे शब्दशः वाचून घ्या.

नोंदणीची पायरी साधी आहे, फक्त क्रम चुकवू नका. दुकानदाराकडून वाहनविक्रीचं अधिकृत बिल आणि कारखान्याचं प्रमाणपत्र ('हगचंग') घ्या. त्यावर विमा, मग खरेदीकर, मग वाहन कार्यालयात गाडी नेऊन चासी नंबरची तपासणी, आणि त्यानंतर पिवळी प्लेट. हाती दोन गोष्टी येतात: खिशात ठेवायचं लहान वाहनपत्र आणि घरी जपायचं हिरवं नोंदणीपुस्तक, 'ल्यूबन'. गाडी विकताना हे पुस्तक नसेल तर व्यवहार तिथेच थांबतो. बरेच अधिकृत विक्रेते शे-दोनशे युआन घेऊन हे सगळं करून देतात. परदेशी पासपोर्टवर पूर्वी काम केलं आहे का, हे मात्र आगाऊ रक्कम देण्याआधी विचारा. बिलावरचं नाव पासपोर्टवरच्या नावाशी अक्षरन् अक्षर जुळलं पाहिजे. आडनाव आधी की नंतर, मधलं वडिलांचं नाव आहे की नाही, इथे मराठी नावांचा हमखास घोळ होतो. निवासी परवान्यावर जसं छापलं आहे तसंच सगळीकडे लिहवून घ्या.

३३,०००च्या गाडीचा पूर्ण हिशोब असा: कर २,९२०, विमा ४००, प्लेट व फुटकळ १००, अपघात विमा ३००, क्रॅश गार्ड व इंजिनखालची पत्रा-ढाल ८००, तीन पेट्यांचा संच २,०००, हेल्मेट-जॅकेट-हातमोजे-बूट ३,०००. एकूण ४२,५२०. म्हणजे एकूण बजेटच्या तीन चतुर्थांशापेक्षा जास्त गाडीवर घालायचं नाही, हा नियम धरून चला.

किती सीसी: वरची रेषा कायदा आखतो, खालची रेषा डोंगर

राष्ट्रीय नियमानुसार द्रुतगती महामार्गावर मोटरसायकलीची कमाल गती ताशी ८० किलोमीटर आहे आणि तिथे डबलसीट जाता येत नाही. शिवाय अनेक प्रांतांनी द्रुतगती महामार्ग दुचाकींना बंदच केले आहेत. म्हणजे प्रवास होणार तो जुन्या राष्ट्रीय रस्त्यांवरून. ओळखायची खूण सोपी आहे: हिरव्या पाटीवर 'जी' आणि एक, दोन किंवा चार आकडे असतील तर द्रुतगती, लाल पाटीवर 'जी' आणि तीन आकडे असतील तर साधा राष्ट्रीय रस्ता, उदाहरणार्थ जी३१८. एका दिशेला एकच मार्गिका असलेल्या अशा रस्त्यावर, वेगळी पाटी नसेल तर, मर्यादा ताशी ७० असते. आठशे-नऊशे सीसीच्या गाडीची निम्मी ताकद इथे वापरताच येत नाही. तिचं वजन मात्र प्रत्येक वळणावर उचलावं लागतं.

मग १५०-२०० सीसी पुरेल का? पूर्वेकडच्या सपाटीवर पुरेल. चेंगदूहून पश्चिमेला निघालात की नाही. कांगदिंगच्या पुढची जदुओ खिंड ४,२९८ मीटर उंच आहे आणि लितांग हे अख्खं गाव ४,००० मीटरवर वसलेलं. त्या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण ६० टक्के उरतो. टर्बो नसलेल्या इंजिनाला तेवढाच कमी ऑक्सिजन मिळतो, त्यामुळे ताकदही जवळपास त्याच प्रमाणात घटते. १६ अश्वशक्तीच्या गाडीत दहाही उरत नाहीत, २५च्या गाडीत पंधरा, ४२च्या गाडीत पंचवीस. आता सामान लादून, मागे कुणी बसवून, ट्रकच्या मागून घाट चढताना ओव्हरटेकची कल्पना करा. १६ अश्वशक्तीवाल्याला ट्रकचा धूर खात शेवटपर्यंत मागेच राहावं लागतं.

फ्युएल इंजेक्शन हा तोटा भरून काढतं, असं दुकानदार सांगतील. ते अर्धसत्य आहे. इंजेक्शन हवा पातळ झाली की पेट्रोल कमी सोडतं, त्यामुळे इंजिन नीट जळतं, धूर करत नाही आणि थंडीत पटकन चालू होतं. गेलेला ऑक्सिजन काही ते परत आणत नाही. कार्ब्युरेटरच्या जुन्या गाडीत उलट पेट्रोल जास्त पडतं, प्लग काळा होतो आणि ताकद आणखी ढासळते. १ जुलै २०१९ पासून चीनमध्ये 'राष्ट्रीय चार' या उत्सर्जन मानकाच्याच नव्या मोटरसायकली विकता येतात, म्हणून त्यानंतरच्या गाड्यांत इंजेक्शनच सापडेल.

२५०च्या गाडीला डोंगरात मदत करणारा एक स्वस्त उपाय आहे. पुढचं स्प्रॉकेट, म्हणजे चेन फिरवणारं दातेरी चक्र, एका दाताने लहान करायचं. १४ दातांच्या जागी १३ लावलं तर चाकावरचा जोर सुमारे साडेसात टक्क्यांनी वाढतो आणि त्याच इंजिन-फेऱ्यांवर वेग सातेक टक्क्यांनी कमी होतो. वेगाची मर्यादा तशीही ७०-८० असल्यामुळे इथे गमावण्यासारखं काही नाही. स्प्रॉकेट बदललं की चेनचा ताण पुन्हा जुळवा. स्पीडोमीटरचा सेन्सर गिअरबॉक्सवर असेल तर आकडा खोटा दाखवेल हे लक्षात ठेवा. चाकावर असेल तर फरक पडणार नाही.

तेव्हा एकट्याने जायचं तर २५० ते ३००, डबलसीट किंवा भरपूर सामान असेल तर ४०० ते ५००. या पट्ट्याबाहेर जायला ठोस कारण हवं.

पट्ट्यातल्या गाड्या

हाओज्युए बनवत असलेली सुझुकी डीएल२५० ही या बजेटातली सर्वांत निर्धास्त गाडी. २४८ सीसीचं दोन सिलिंडरचं इंजिन, सुमारे २५ अश्वशक्ती, १७.३ लिटरची टाकी, ८०० मिमी उंच सीट. शंभर किलोमीटरला सव्वातीन लिटर धरलं तरी एका टाकीत ५०० किलोमीटर होतात. चाकं पुढे-मागे १७ इंची आणि ग्राउंड क्लिअरन्स १६० मिमी, म्हणून हिला डांबरी रस्त्याची आणि फार तर कच्च्या वळणरस्त्याची गाडी समजा. वजन १८८ किलो आहे, २५ अश्वशक्तीला ते जरा जास्तच. भारतात मिळणारी व्ही-स्ट्रॉम एसएक्स हीच गाडी नव्हे. ती एका सिलिंडरची, पुढे १९ इंची चाकाची आहे. तिचे व्हिडिओ पाहून डीएल२५०चे सुटे भाग मागवू नका.

नवी गाडी घ्यायची आणि ३३ हजारांच्या आसपास जाता येत असेल तर सीएफमोटो ४५०एमटी. ४४९ सीसी, दोन सिलिंडर, ४२ अश्वशक्तीच्या आसपास, १७.५ लिटरची टाकी, पुढे २१ आणि मागे १८ इंची आऱ्यांची चाकं, २०० मिमी सस्पेन्शन, ८२० मिमी सीट. खड्डे, दरडीचा राडारोडा, पाण्याने वाहून गेलेला रस्ता, हे सगळं तिच्या आवाक्यातलं आहे. डबलसीट घाट चढताना तिचा खरा उपयोग कळतो. या किमतीत एवढं देणारी दुसरी गाडी आमच्या मते नाही.

एकट्याने मातीत जास्त हिंडायचं असेल तर लोन्सिनच्या व्होगे नावाने विकली जाणारी ३०० रॅली बघा. २९२ सीसी, २९ अश्वशक्ती, वजन १५८ किलो, किंमत २० हजारांच्या घरात. पडली तर एकट्याने उचलता येते, आणि मातीत हा गुण अश्वशक्तीपेक्षा मोठा. उणीव म्हणजे ११ लिटरची टाकी आणि उंच सीट. पाच फूट पाच इंचांच्या माणसाने दुकानात दोन्ही पाय टेकवून बघावेत आणि मगच पुढे बोलावं.

बेनेलीची टीआरके ५०२एक्स दिसायला भारदस्त, २० लिटरची टाकी, डबलसीटला आरामशीर. पण २३५ किलो. सरळ रस्त्यावर वजन जाणवत नाही. चिखलात उतारावर थांबलेली ती गाडी एकट्याने मागे ढकलून बघा, म्हणजे आम्ही हिला यादीत खाली का ठेवतो ते कळेल. होंडाची सीबी१९०एक्स १५ हजारांच्या आत मिळते आणि शहराबाहेर रोज वापरायला, सपाटीवर फिरायला छान आहे. वर सांगितलेल्या खिंडी मात्र तिच्या कुवतीबाहेरच्या. कोव ४५० रॅली २०२३ च्या डाकार शर्यतीत तिघा स्वारांसह धावली आणि तिन्ही गाड्यांनी शर्यत पूर्ण केली, हे कौतुकास्पद. पण ९६० मिमी उंचीची सीट रोजच्या वापराला नाही.

भारतातून जाणाऱ्यांना पुण्याजवळच्या चाकणला बनणारी केटीएम ३९० ॲडव्हेंचर ओळखीची वाटते आणि तिकडे ओढ असते. चीनमध्ये ती आयात गाडी ठरते, म्हणजे शुल्क भरून घेतलेली आणि लहान गावात सुटे भाग न मिळणारी. सवय सोडली तर तिचं समर्थन करता येत नाही.

कुठलंही नवं मॉडेल बाजारात आल्याच्या पहिल्या वर्षी घेऊ नका. चिनी कंपन्या दर हंगामाला बारीक सुधारणा करतात, वायरिंगचे, आऱ्यांचे, सीलचे दोष दुसऱ्या खेपेत दुरुस्त होतात, आणि पहिल्या खेपेवर बऱ्याचदा सूटही मिळते. चोंगछिंगला सप्टेंबरात मोठं मोटरसायकल प्रदर्शन भरतं. तिथे नवं मॉडेल जाहीर झालं की दुकानात उरलेल्या जुन्याचे भाव उतरतात. घाई नसेल तर हाच मोसम.

लादण्याची मर्यादा

गाडीच्या कागदावर कमाल भार लिहिलेला असतो. अनेक चिनी गाड्यांवर तो १५० किलो आहे, आणि त्यात चालवणारा धरलेला असतो. चालवणारा ७५, त्याचे बूट-जॅकेट-हेल्मेट ८, मागचं माणूस ५८, त्याचं साहित्य ६: झाले १४७. ॲल्युमिनियमच्या तीन पेट्या आणि त्यांचा सांगाडा रिकामाच १५ ते २० किलोंचा असतो. मग मागची चौकट वाकते, सांध्यावर तडा जातो, मागचं सस्पेन्शन बसतं आणि पुढचं चाक वळणावर हलकं पडतं. हे सगळं एकाच चुकीचे परिणाम.

डबलसीट असाल तर कडक पेट्या सोडा आणि दोन बाजूंना कापडी वॉटरप्रूफ बॅगा बांधा. त्या ५-६ किलोंत होतात, आणि गाडी पडली तर पायावर धारदार कोपरा येत नाही. जड सामान खाली आणि पुढे, हलकं वर आणि मागे. मागच्या उंच पेटीत पाच किलोंवर काही ठेवू नका. मागच्या शॉकचा प्रीलोड (स्प्रिंगचा ताण) वाढवायचा, टायरचा दाब गाडीवरच्या स्टिकरवर डबलसीटसाठी लिहिला आहे तेवढा ठेवायचा. आऱ्यांच्या चाकांत ट्यूब आहे की ट्यूबलेस रिम, हे विकत घेतानाच विचारा. ट्यूबलेसला भोक बुजवायची काडी आणि छोटा पंप पुरतो. ट्यूबवाल्याला चाक काढायची हत्यारं, दोन जास्तीच्या ट्यूब आणि रस्त्याकडेला तासभर लागतो.

सायलेन्सर बदलणं, झगमगीत जादा दिवे लावणं टाळा. नोंदणीत नसलेला बदल तपासणीत आणि नाक्यावर दोन्हीकडे अंगाशी येतो. हेल्मेट जीबी ८११-२०२२ मानकाचं आणि ३सी हा चीनचा सक्तीचा प्रमाणन-शिक्का असलेलं घ्या.

जुनी गाडी घेताना

वापरलेल्या गाडीत २५-३५ टक्के सहज वाचतात, म्हणून कमी बजेटवाल्यांनी डीएल२५०सारखी गाडी जुनीच घ्यावी. जुन्या वस्तूंच्या 'श्येनयू'सारख्या ॲपवर जाहिराती ढिगाने असतात. त्यातली मोठ्या इंजिनाची, अविश्वसनीय स्वस्त, 'नंबर नाही पण एकदम नवी' अशी गाडी दिसली की पुढे सरका. ती चोरवाटेने आलेली 'श्वेइछ' असते. तिची नोंदणी कधीही होत नाही आणि नाक्यावर जप्त होते.

कागद गाडीच्या आधी बघा. ल्यूबनमध्ये किती मालक झाले, कर्जाची नोंद उरली आहे का, चासी नंबर आणि इंजिन नंबर पुस्तकाशी जुळतात का. हँडल जिथे बसतं त्या चासीच्या नळीवर कोरलेला नंबर घासलेला किंवा पुन्हा ठोकलेला वाटला तर तिथूनच परता. वाहतूक पोलिसांच्या '१२१२३' ॲपवर विक्रेत्याला समोर उघडायला लावा: थकलेले दंड आणि तपासणीची मुदत तिथे दिसते. २०२२ च्या ऑक्टोबरपासून पहिल्या दहा वर्षांत प्रत्यक्ष तपासणी केंद्रावर सहाव्या आणि दहाव्या वर्षीच जावं लागतं, म्हणून पाच वर्षांची गाडी घेताना पुढची तपासणी तुमच्याच माथी येणार हे धरा. गाडी दुसऱ्या शहरातली असेल तर तिथून फाइल हलवण्याआधी तुमच्या शहराच्या कार्यालयात विचारा की हे उत्सर्जन मानक स्वीकारता का. २०१९ च्या आधीची गाडी बहुधा इथेच अडकते, आणि एकदा फाइल निघाली की परत पाठवणं डोकेदुखीचं काम.

गाडी बघायला जाताना सांगा, इंजिन गरम करून ठेवू नका. पोचल्यावर सायलेन्सरला हात लावा. कोमट असेल तर थंड स्टार्टची खोड लपवायची असते. हँडल मोकळं करून डावी-उजवीकडे हळू फिरवा, मध्यभागी खटका जाणवला तर बेअरिंग गेलं. पुढच्या फोर्कच्या नळीवर तेलाची कडा, मागच्या सीटखालच्या चौकटीत वेल्डिंगची नवी रेघ, दोन्ही पेट्यांच्या चौकटी चाकापासून सारख्या अंतरावर नसणं: हे तिन्ही पडलेल्या गाडीचे पुरावे. आऱ्यांवर पान्याने हलकं टकटक करा. सगळे साधारण एका सुरात वाजले पाहिजेत, एखादा बदबद वाजला तर तो सैल आहे.

पहिले हजार किलोमीटर

नवी गाडी घेतली की लगेच डोंगरात निघायची हौस आवरा. पहिले हजार किलोमीटर घराजवळ काढा आणि कंपनीने सांगितल्याप्रमाणे पहिली सर्व्हिसिंग अधिकृत ठिकाणी करा, नाहीतर वॉरंटी जाते. या काळात बोल्ट बसतात, म्हणजेच काही सैल होतात. टॉर्क पान्याने हँडलचे क्लॅम्प, पुढच्या-मागच्या चाकाचे आस, ब्रेक कॅलिपरचे बोल्ट, क्रॅश गार्ड आणि सामानाचा सांगाडा तपासून घ्या, आणि प्रत्येक बोल्टवर रंगाची आडवी रेघ ओढून ठेवा. रोज सकाळी रेघ तुटली का एवढंच बघायचं. आऱ्यांचा ताण याच वेळी एकदा जुळवून घ्या. हेडलाइटच्या मागचे आणि टाकीखालचे वायरजोड उघडून त्यांत वीजसंपर्काचं ग्रीस भरलं तर पावसात अचानक बंद पडण्याचे निम्मे प्रकार टळतात. चेनला दर ५०० किलोमीटरवर तेल, पाऊस असेल तर रोज संध्याकाळी.

निघताना

शांघाय किंवा ग्वांगझूकडून गाडीवर चेंगदू गाठण्यात दोन हजारांच्या घरात कंटाळवाणे किलोमीटर जातात. गाडी मालवाहतुकीने पुढे पाठवा आणि स्वतः रेल्वेने जा. टाकी जवळपास रिकामी करावी लागते, कागदांच्या प्रती सोबत द्याव्या लागतात, आणि गाडी सोपवताना चारही बाजूंचे फोटो काढून ठेवावेत.

शांघायपासून नेपाळच्या सीमेपर्यंत जाणारा जी३१८ सगळ्यांच्या तोंडी असतो. परदेशी पासपोर्टवर तो अखेरपर्यंत एकट्याने करता येत नाही. तिबेट स्वायत्त प्रदेशात शिरायला वेगळा परवाना लागतो आणि तो प्रवासी कंपनीमार्फत, मार्गदर्शकासहच मिळतो. म्हणून आखणी पश्चिम सिच्वानपर्यंत करा: कांगदिंग, शिनदूछ्याओ, लितांग, दाओछंग. तेवढ्यात चार हजार मीटरवरच्या खिंडी भरपूर येतात. तिथलाही एखादा तालुका परदेशींना बंद असू शकतो, म्हणून निघण्याच्या आठवड्यात पुन्हा विचारा. मे-जून आणि सप्टेंबर-ऑक्टोबर हे चांगले महिने. जुलै-ऑगस्टच्या पावसात दरडी कोसळतात, नोव्हेंबरनंतर खिंडीत बर्फ गोठून रस्ता काचेसारखा निसरडा होतो.

पेट्रोल पंपावर बऱ्याच ठिकाणी मोटरसायकल थेट नळीखाली घेऊ देत नाहीत. गाडी बाहेर लावायची, पंपावरच्या लोखंडी किटलीत पेट्रोल घ्यायचं आणि चालत येऊन टाकीत ओतायचं. किटलीच्या तोंडाशी गंज आणि माती असते, म्हणून बारीक जाळीची नरसाळी जवळ ठेवा. ९५ क्रमांकाचं पेट्रोल लहान गावात मिळेलच असं नाही. तुमच्या गाडीला ९२ चालतं का, हे माहितीपुस्तिकेत आधीच बघून ठेवा. टाकी निम्मी झाली की भरायची, दोनशे किलोमीटरची वाट पाहायची नाही.

देश सोडायचं ठरलं की गाडी किमान दोन महिने आधी विकायला काढा. नाव बदलताना विक्रेत्याचा निवासी परवाना चालू असावा लागतो. तो संपल्यावर सही करायला तुम्ही नसता आणि गाडी तुमच्याच नावावर राहून तिच्या दंडांच्या नोंदी वाढत जातात. भारतात ती न्यायचा विचार करू नका; सीमाशुल्क आणि कागदांच्या खर्चात इकडे नवी येते. मूळ पेट्या, मूळ स्प्रॉकेट आणि दुसरी किल्ली सांभाळून ठेवली असेल, सर्व्हिसिंगच्या पावत्या असतील, तर खरेदीदार घासाघीस कमी करतो.